जुन्नर-आंबेगांवचा दूधधंदा

कोणत्याहि प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील लेखक कापूस, साखर, सूत आणि जमीनमहसूल यांच्याकडे वळतात. दुधाकडे सहसा कोणी वळत नाहीं. दूध हा घरांतला पदार्थ. तो सकाळीं येतो, चहांत किंवा मुलांच्या पेल्यांत जातो, आणि संध्याकाळीं त्याची आठवणहि कोणास राहत नाहीं. अशा पदार्थास इतिहास तो कसला, अशी आपली समजूत असते. परंतु पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत दूध हेंच हजारों कुटुंबांचें रोजचें रोख उत्पन्न झालें आहे. हा धंदा वाढत गेला, आणि वाढतां वाढतांच दर कांहीं वर्षांनीं अडचणींत सांपडत गेला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं कां घडाव्या, याचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम त्या मुलुखाची ओळख करून घेतली पाहिजे. हे दोन तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे उतरत गेले आहेत. पश्चिमेस माळशेज, नाणेघाट आणि भीमाशंकर यांचा डोंगराळ भाग. तेथें पाऊस विपुल, भाताचीं खाचरें लहान आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. मधल्या पट्ट्यांत कुकडी, मीना आणि घोड या नद्यांचीं खोरीं. जुन्नर, नारायणगांव, घोडेगांव, मंचर हीं मोठीं गांवें याच पट्ट्यांतलीं, आणि पुण्याहून नाशिकाकडे जाणारा रस्ताहि यांतूनच जातो. पूर्वेस बेल्ह्याच्या व लोणी-धामणीच्या बाजूला पाऊस तुटपुंजा. एकाच तालुक्याच्या एका टोकास घोंगडी पांघरून भात लावावा आणि दुसऱ्या टोकास त्याच महिन्यांत आभाळाकडे पाहत बसावें, अशी येथील स्थिति आहे. गुराढोरांचा प्रपंच या तिन्ही पट्ट्यांत फार जुना आहे. दुधाचा व्यापार मात्र अगदीं अलीकडचा आहे.

हा प्रपंच किती जुना, याचा एक लेखी पुरावा जुन्नरच्या उंबरठ्यावरच आहे. जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या काळचें एक लेणें असून, त्यांत राणी नागनिकेच्या नांवाशीं जोडलेला, ख्रिस्तपूर्व शतकांतील ब्राह्मी लेख कोरलेला आहे. त्यांत राजघराण्यानें केलेल्या यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते. हत्ती, घोडे आणि नाणीं यांच्याबरोबर गाई दिल्याचा उल्लेख त्यांत वारंवार आहे. एका ठिकाणीं सतराशें, तर दुसऱ्या ठिकाणीं दहा हजार एक, असे आंकडे वाचावयास मिळतात. या आंकड्यांत राजवैभवाची अतिशयोक्ति किती आणि सत्य किती, हा वाद बाजूस ठेवला, तरी त्या काळीं संपत्ति मोजण्याचें एक माप गाय हें होतें, एवढें यावरून निश्चित होतें. त्याच घाटांत एक दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो. कल्याणच्या बंदराकडे जाणारा माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेनें उतरत असे. त्या मालांत दूध असणें शक्य नव्हतें. उन्हाळ्यांत कांहीं तासांत जें नासतें, तें दोन दिवसांच्या वाटेवर कोण घेऊन जाणार? जाण्यासारखें होतें तें तूप.

तूप आणि दूध यांतील हा भेद साधा दिसतो. परंतु पुढील सर्व इतिहासाची किल्ली त्यांतच आहे. तूप थांबूं शकतें, दूध थांबूं शकत नाहीं. ज्याचा माल चार महिने घरांत थांबूं शकतो, तो आजचा भाव पटला नाहीं तर पुढच्या बाजाराची वाट पाहतो. ज्याचा माल संध्याकाळपर्यंत थांबूं शकत नाहीं, त्यास दारांत येईल त्या गिऱ्हाइकाचा भाव मुकाट्यानें पत्करावा लागतो. आगगाडी व मोटार येण्यापूर्वीं या भागांतील कुणब्याची गाय मुख्यतः बैलांसाठीं पाळली जात असे. खिल्लार जातीचा खोंड तिनें दिला, म्हणजे तिनें आपलें काम केलें असें मानीत. दूधदुभत्याकरितां म्हैस. दुधाचें दहीं, दह्याचें लोणी, लोण्याचें तूप. ताक घरांत व शेजारीं, आणि साठलेलें तूप बुधल्यांतून किंवा डब्यांतून बाजाराला, असा क्रम होता. त्या काळाचें गोडवे गाण्याचें कारण नाहीं. गाय दिवसाला शेर-दोन शेर दूध देई, दुष्काळांत तीहि आटे, आणि तुपाच्या व्यापाऱ्याचें मापहि नेहमीं खरें असेच असें नाहीं. तथापि, केव्हां विकावयाचें हें ठरविण्याचा थोडा तरी अधिकार विकणाऱ्याच्या हातीं होता.

हा क्रम मोडला तो शहरांमुळें. मुंबईची लोकवस्ती वाढली, तसे त्या शहरांतच म्हशींचे तबेले उभे राहिले. आणि ते अपुरे व अनारोग्यकारक ठरूं लागल्यावर बाहेरून दूध आणण्याचा विचार सुरू झाला. जुन्नर-आंबेगांवचें पुढें काय झालें हें समजण्यासाठीं येथें क्षणभर गुजराथेंतील खेडा जिल्ह्याकडे पाहिलें पाहिजे. कारण मुंबईच्या दुधाचा पहिला मोठा झगडा तेथें झाला. १९४५ सालीं मुंबई सरकारनें शहरास दूध पुरविण्याची योजना आंखली, आणि खेडा जिल्ह्यांतील दूध गोळा करण्याचें काम पोल्सन या खाजगी कंपनीकडे सोंपविलें. शेतकऱ्यांस मिळणारा दर व मुंबईंत घेतला जाणारा दर यांत मोठें अंतर पडूं लागलें. १९४६ च्या जानेवारींत शेतकऱ्यांनीं समरखा या गांवीं सभा भरवून या पद्धतीनें दूध न घालण्याचा निश्चय केला. पंधरा दिवस मुंबईस तेथून दूध गेलें नाहीं, आणि त्याच वर्षीं १४ डिसेंबर रोजीं त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांचा स्वतःचा संघ नोंदला गेला. पुढें ‘अमूल’ या नांवानें जगप्रसिद्ध झालेला संघ तो हाच. त्या शेतकऱ्यांनीं केवळ भाव वाढवून मागितला नाहीं. दूध थंड करण्याचें, त्याचें लोणी व भुकटी करण्याचें साधन आपल्या मालकीचें करून घेतलें. दुधास थांबविण्याची शक्ति त्यांनीं विकत घेतली, असें म्हटलें तरी चालेल.

महाराष्ट्रांत मार्ग निराळा पडला. मुंबईच्या तबेल्यांतील म्हशी शहराबाहेर नेण्यासाठीं १९४९ सालीं आरे येथें सरकारी दूधवसाहत स्थापन झाली, आणि शहरास दूध पुरविणें हें सरकारचें एक काम होऊन बसलें. पुढें महाराष्ट्र राज्य झालें, तेव्हां सरकारचा दुग्धविकास विभाग हाच राज्यांतील मोठा खरेदीदार होता. दूध गांवांतील सहकारी सोसायटीनें गोळा करावें, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संघानें तें शीतकेंद्रावर न्यावें, आणि सरकारनें ठरलेल्या दरानें तें विकत घेऊन मुंबई-पुण्यास वाटावें, अशी ही रचना होती. पुणें जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६० सालीं स्थापन झाला. कात्रजची डेअरी म्हणून पुणेंकर ज्यास ओळखतात तो हा संघ. राज्यांतील अशा संघांचा महासंघ १९६७ सालीं नोंदला गेला. या रचनेनें फार मोठें काम केलें, हें नाकारतां येणार नाहीं. ज्या गांवांत कालपर्यंत दूध विकणें कमीपणाचें मानीत, तेथें सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या दारांत रांगा लागूं लागल्या. परंतु एक गोष्ट या रचनेंत राहून गेली. दुधाचा भाव हा सरकारनें ठरवावयाचा आणि तो वाढवून हवा असेल तर सरकारकडेच मागावयाचा, अशी संवय उत्पादकांस, संघांस आणि पुढाऱ्यांसहि जडली. थंड करण्याचें, साठविण्याचें व विकण्याचें सामर्थ्य ज्याचें, भाव त्याचा, हा खेड्याच्या झगड्यांतील धडा आपल्याकडे पुरता गिरविला गेला नाहीं.

दूध वाढलें कसें, हें आतां पाहूं. त्याचीं कारणें दोन : पाणी आणि गाय. १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, वडज, माणिकडोह, पिंपळगांव जोगे, डिंभे हीं धरणें या दोन तालुक्यांत उभीं राहिलीं. डिंभ्याच्या पाण्याखालीं तर ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें तें आंबेगांवच गेलें, आणि घोड नदीच्या वरच्या खोऱ्यांतील आदिवासींच्या जमिनीहि गेल्या. पाणी मात्र खालच्या पट्ट्यांत आलें. तेथें ऊस, मका, लसूणघास आणि हत्तीगवत होऊं लागलें. विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाचें वाढें आयतेंच वैरणीला मिळूं लागलें. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या गोठ्यांत दुधाची वाढ फारशी आली नाहीं, आणि ज्यांच्या शेतांत पाणी आलें त्यांच्या गोठ्यांत ती आली, हा या वाढीचा हिशेब लिहितांना विसरण्यासारखा भाग नव्हे.

दुसरें कारण गाय. याच पुणें जिल्ह्यांतील उरुळीकांचन येथें गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे ज्यास सर्वजण ‘बाएफ’ म्हणतात ती संस्था, स्थापन केली. होल्स्टीन, जर्सी या परदेशी जातींच्या वळूंचें वीर्य गोठवून शेतकऱ्याच्या दारांत कृत्रिम रेतनासाठीं नेण्याचें काम या संस्थेनें व सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें केलें. १९७० पासून १९९६ पर्यंत ‘ऑपरेशन फ्लड’ ही देशव्यापी योजना चालली. गांवठी गाय जेथें दोन लिटर देई, तेथें तिची संकरित लेक दहा-बारा लिटर देऊं लागली. गोठ्यांतील गाईस नांवानें हांक मारण्याची रीत राहिली, पण तिच्या दुधाची वही उघडली गेली, आणि दर दहा दिवसांनीं होणारा दुधाचा पगार हा घरखर्चाचा आधार झाला. शाळेची फी, किराणा, दवाखाना या साऱ्या गोष्टी ऊस किंवा कांदा यांच्या वार्षिक पैशांवर थांबत नाहींत. त्या दुधाच्या पैशांनीं भागूं लागल्या. द्राक्षें, टोमॅटो आणि कांदा यांत जुन्नरच्या शेतकऱ्यानें नशीब काढलें आणि घालविलेंहि. दुधानें त्याचें नशीब काढलें नाहीं, पण चूल पेटती ठेवली.

येथपर्यंतचा इतिहास उत्कर्षाचा आहे. परंतु याच उत्कर्षांतून पहिली मोठी अडचण जन्मास आली. पावसाळा संपला कीं हिरवी वैरण मुबलक होते, त्याच सुमारास गाई वितात, आणि हिंवाळ्यांत दूध उफाळून येतें. शहराची तहान मात्र बाराहि महिने सारखीच. तेव्हां सरकारी डेअऱ्या व संघ यांजकडे जितकें दूध येई तितकें घेण्याची सोय नसे. मग ‘दूधसुट्टी’ जाहीर होई. अमुक दिवशीं दूध घेतलें जाणार नाहीं! कारकुनास सुट्टी असते, गिरणीस असते. गाईच्या कासेस सुट्टी कशी असणार? त्या दिवशींहि धार काढावीच लागे, आणि निघालेलें दूध घरीं दहीं-तुपासाठीं लावावें, पडेल भावानें द्यावें कीं ओतून टाकावें, हा प्रश्न पडे. बायकांनीं पूर्वीं ज्या हातांनीं तूप केलें, ते हात तेच होते; पण दोन लिटरांचें तूप करणें निराळें आणि चाळीस लिटरांचें निराळें. वाढलेल्या दुधानें जुना आसरा अपुरा करून सोडला होता, आणि नवा आसरा अजून दुसऱ्याच्या हातीं होता.

या पोकळींत खाजगी धंदा आला. १९९१ सालीं दुग्धव्यवसायावरील परवान्याचें बंधन उठलें. १९९२ च्या हुकुमानें तें कांहीं अंशीं परत आलें व २००२ सालीं पुन्हां बरेंच सैल झालें. त्याच १९९२ सालीं मंचर येथें देवेंद्र शहा यांनीं पराग ही डेअरी सुरू केली. दूधसुट्टीच्या दिवशींचें उरलेलें दूध घेण्यापासून या धंद्याचा आरंभ झाला, असें त्या कंपनीच्या इतिहासांत सांगितलें जातें. पुढें ‘गोवर्धन’ नांवाचें तूप आणि ‘गो’ नांवाचें चीज तेथून देशभर जाऊं लागलें. मंचरजवळच हॉल्स्टीन गाईंचा एक अवाढव्य गोठा उभा राहून तेथें यंत्रानें धार काढली जाऊं लागली, आणि २०१६ सालीं कंपनीचे भाग शेअरबाजारांत विक्रीस निघाले. इतरहि लहानमोठ्या खाजगी डेअऱ्यांचीं संकलनकेंद्रें गांवोगांव निघालीं. एकाच चौकांत सहकारी सोसायटी आणि दोन खाजगी केंद्रें शेजारीं शेजारीं, असें दृश्य आज सामान्य झालें आहे; राज्यांतील संघटित दुधाचा मोठा भाग आतां खाजगी डेअऱ्यांकडेच जातो.

खाजगी डेअरी म्हणजे लूट आणि सहकार म्हणजे पुण्य, असा सोपा निवाडा कांहीं लोक करतात. तो खरा नाहीं. खाजगी कारखाने नसते तर वाढलेलें दूध कोणीं घेतलें असतें, या प्रश्नास त्यांच्याजवळ उत्तर नसतें. सहकारी संस्थांतहि राजकारण, नोकरभरती आणि गलथानपणा यांचा शिरकाव झाला. राज्याच्या दूध महासंघाचा ‘महानंद’ दुबळा होत जाऊन २०२४ सालीं त्याचा कारभार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोंपविण्याची पाळी आली. उलट, खाजगी केंद्राचा मालक गाय घेण्यास उचल देतो, पेंड उधारीवर देतो, पैसे वेळेवर देतो, असेंहि अनेक उत्पादक सांगतात. उचल घेतली म्हणजे दूध त्याच केंद्रावर घालणें आलें, हें त्याबरोबर ओघानेंच येतें. तेव्हां प्रश्न मालकाच्या स्वभावाचा नाहीं. दूध थांबविण्याचें यंत्र ज्याच्याजवळ, बाजाराचा धक्का तो दुसऱ्यावर ढकलूं शकतो. आणि ज्याच्याजवळ तें नाहीं, त्याच्यावर तो येऊन आदळतो. हें सहकारी संघाच्या बाबतींतहि तितकेंच खरें आहे.

हा धक्का कसा येतो, तें थोडक्या हिशेबानें समजेल. शंभर लिटर गाईच्या दुधापासून सुमारें साडेआठ किलो भुकटी आणि चार किलो लोणी निघतें. शहरांत पिशवीनें खपून उरलेलें दूध या दोन रूपांत सांठविलें जातें. जगाच्या बाजारांत भुकटीचे भाव पडले कीं कारखानदारास तिची निर्यात परवडत नाहीं, गुदामें भरतात, आणि तो संकलनाचा दर खालीं आणतो. न्यूझीलंड किंवा युरोप येथें दूध अधिक झालें, तर त्याची खबर निरगुडसर किंवा ओतूरच्या गोठ्यांत दराच्या चिठ्ठीवरून पोंचते. शिवाय त्या चिठ्ठीवर दुधाची प्रतहि असते. गाईच्या दुधांत साडेतीन टक्के स्निग्धांश, म्हणजे ज्यास गोठ्यावर नुसतें ‘फॅट’ म्हणतात तें, आणि साडेआठ टक्के इतर घनपदार्थ असल्यास जाहीर झालेला दर. त्याखालीं प्रत्येक दशांशास कपात. मोजण्याचें यंत्र घेणाऱ्याचें, आणि वाचणारा डोळाहि त्याचाच. जुन्या तुपाच्या व्यापाऱ्याच्या तागडीची जागा या यंत्रानें घेतली, इतकेंच.

गेल्या कांहीं वर्षांचा क्रम पाहिला, तर या पद्धतीचें स्वरूप उघड होतें. १ जून २०१७ पासून महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांनीं संप केला व शहरांचें दूध तोडलें. त्या महिन्यांत सरकारनें गाईच्या दुधाचा दर लिटरला २४ रुपयांवरून २७ रुपये जाहीर केला. पुढच्याच वर्षीं भुकटीचे भाव कोसळले, आणि २०१८ च्या जुलै महिन्यांत पुन्हां दूध अडविण्याचें आंदोलन झालें. तें मिटलें तें २५ रुपये दर आणि त्यासाठीं सरकारी मदत या बोलीवर. म्हणजे २७ जाहीर होऊन वर्ष लोटतें तोंच २५ साठीं झगडावें लागलें! २०२० सालच्या टाळेबंदींत उपाहारगृहें व मिठाईचीं दुकानें बंद पडून दूध उरूं लागलें, तेव्हां दिवसाला दहा लाख लिटरपर्यंत दूध २५ रुपयांनीं घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना सरकारनें काढली. २०२३ च्या जुलैंत ३४ रुपयांचा दर ठरला. वर्ष संपतां संपतां डेअऱ्यांनीं २७ द्यावे व सरकारनें वर ५ घालावे, अशी तडजोड झाली. २०२४ सालीं तीच तडजोड आधीं ३० अधिक ५ आणि ऑक्टोबरपासून २८ अधिक ७ अशी बदलली. शेवटच्या दोन आंकड्यांची बेरीज एकच. फरक पडला तो डेअरीचा वाटा किती आणि सरकारचा किती, एवढाच. जाहीर दर हा कागद असतो. दूध विकत घेण्यास तो कागद कोणास भाग पाडीत नाहीं. सरकार आतां मुख्य खरेदीदार राहिलें नसतांहि दर जाहीर करण्याची जुनी रीत चालू आहे, हेंच या सर्व घोटाळ्याचें मूळ आहे.

दराचा प्रश्न मोठा खरा. परंतु गोठ्यांतील खर्च स्थिर असता तर तो इतका तीव्र झाला नसता. संकरित गाय अधिक दूध देते, तशी अधिक मागतेहि. तिला सरकी पेंड व गोळी पेंड हवी, ऊन सोसत नाहीं, गोचीडताप व कासदाह लवकर जडतात. २०२२ सालीं लंपी या त्वचारोगाची सांथ राज्यभर पसरली, जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईंस टोंचण्याची मोहीम काढावी लागली. एका गाईवर ज्याचें घर चालतें, त्याच्या दृष्टीनें ती गाय जाणें म्हणजे घरांतील मिळवता माणूस अंथरुणास खिळण्यासारखें आहे. संकरित गोऱ्ह्यास वशिंड नसल्यामुळें त्याच्या मानेवर जूं नीट बसत नाहीं. ट्रॅक्टर आल्यानें बैलहि कमी लागतात. आणि २०१५ सालीं गोवंशहत्याबंदीचा कायदा बैल-वळूंसहि लागू झाल्यापासून असें जनावर विकण्याची वाट बंद झाली. कायद्याच्या हेतूविषयीं मतें कांहींहि असोत, त्या जनावरांच्या वैरणीचा खर्च मात्र उत्पादकाच्याच माथीं राहिला.

या दोन तालुक्यांचें एक संकट तर इतरांस नवलाचें वाटेल असें आहे. ज्या पाण्यानें ऊस आणला, त्या उसानें बिबट्याहि आणला. उंच, दाट, बारमाही उसांत त्यास रान मिळालें. मादी तेथेंच पिलें घालते, आणि कुत्रीं, शेळ्या व वासरें हें त्याचें खाद्य होतें. २००१ च्या सुमारास जुन्नरच्या बाजूला माणसांवर इतके हल्ले झाले कीं त्यांची चर्चा देशभर झाली. माणिकडोह येथें पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवाराकेंद्र आहे, आणि अलीकडच्या वर्षांतहि हें भय ओसरलेलें नाहीं. पहांटे चार-पांच वाजतां अंधारांत धारेला उठणाऱ्या बाईस गोठ्याकडे जातांना आधीं विजेरी फिरवून पाहावें लागतें. सरकार मेलेल्या जनावराची भरपाई देतें. त्या भीतीची भरपाई कोण देणार? आणि येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, शेण काढणें, वैरण कापणें, धार काढणें यांतील बहुतेक काम घरांतील स्त्रिया करतात, पण सोसायटीचें सभासदत्व व बँकेंतील खातें बहुधा पुरुषांच्या नांवावर असतें. दुधाचा भाव लिटरला चार रुपयांनीं उतरला म्हणजे प्रथम जी गोष्ट फुकट धरली जाते ती म्हणजे तिचे श्रम. हे श्रम हिशेबांत धरले, तर पुष्कळ गोठे तोट्यांतच निघतील.

मग उपाय काय? वरील इतिहासावरून जें दिसतें, त्यावरून एक दिशा तरी ठरते. उत्पादकाच्या हातीं थांबण्याची शक्ति जितकी येईल, तितका त्याचा भाव त्याच्या हातीं राहील. गांवांत सोसायटीच्या मालकीचा बल्क कूलर असला, तर धार काढल्यावर दूध लौकर थंड होतें, त्याची प्रत राखली जाते, आणि एकाच केंद्राच्या गाडीची वाट पाहण्याची लाचारी कमी होते. अनेक गांवांच्या संघाजवळ भुकटीचा कारखाना व गुदाम असलें, तर हिंवाळ्याचें दूध उन्हाळ्याच्या टंचाईपर्यंत थांबूं शकतें. अमूलच्या संघांत ग्राहकाच्या रुपयांतील सुमारें ऐंशी पैसे उत्पादकाकडे परत जातात, असें तो संघ सांगतो. त्यामागें हेंच सामर्थ्य आहे. दूध तपासणारें यंत्र घेणाऱ्याच्या एकट्याच्या ताब्यांत न राहतां त्याची तपासणी त्रयस्थाकडून नियमानें व्हावी. ऊस-कांद्याबरोबर मक्याचा मुरघासहि करून ठेवावा. तो अनेक शेतकरी आतां करीत आहेत, आणि वैरणीच्या बाबतींत तोहि थांबण्याचाच एक उपाय आहे. सरकारनें दर जाहीर करण्यापेक्षां, संकटकाळीं भुकटीचा सांठा स्वतः उचलण्याचा नियम अगोदरच करून ठेवावा. म्हणजे दरवेळीं रस्त्यावर दूध ओतल्यावांचून त्यास जाग येत नाहीं, हा अनुभव तरी टळेल.

यावर आक्षेप निघेल कीं, हें सर्व सांगण्यास सोपें आहे. सहकारी संघांत जें राजकारण शिरलें, तें नव्या कूलरांत व कारखान्यांत शिरणार नाहीं कशावरून? हा आक्षेप रास्त आहे, आणि कोणतीहि यंत्रसामग्री त्याचें उत्तर देऊं शकत नाहीं. खेड्याच्या शेतकऱ्यांनीं आपला संघ जपला तो सभासदानें हिशेब विचारण्याची रीत मोडूं दिली नाहीं म्हणून. जुन्नर-आंबेगांवांत आज शिकलेलीं मुलें-मुली घरोघर आहेत. दुधाची वही त्यांच्या मोबाइलवर आली आहे. तीं मुलें गोठा सोडून पुण्यांतील नोकरीकडे पाहत आहेत, आणि घरांतील दुधाचा हिशेब त्यांनींच मांडला असल्यामुळें त्यांस त्याबद्दल दोष देणें कठीण आहे. हा हिशेब त्यांस पटेल असा करणें, हेंच या धंद्यापुढील खरें आव्हान आहे. दर, रोग, वैरण, बिबट्या हीं सर्व त्याचींच निरनिराळीं अंगें आहेत.

पुण्या-मुंबईच्या ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, तेथें सकाळीं दूध येतें. तें वेळेवर आलें नाहीं तर आपण चिडतों, आणि पिशवीवर दोन रुपये वाढले तर महागाईची चर्चा करतों. तीं चर्चा करूं नये असें नाहीं. परंतु त्या दोन रुपयांपैकीं गोठ्यापर्यंत किती पोंचले, हा दुसरा प्रश्नहि आपण त्याच आवाजांत विचारूं लागलों, तर संघाच्या सभेंत हिशेब मागणाऱ्या सभासदास शहराचेंहि बळ मिळेल. नाणेघाटावरच्या लेखांत गाई कोणी दिल्या आणि किती दिल्या, हें कोरून ठेवलें आहे. त्या गाई ज्यांनीं राखल्या, चारल्या आणि दोहल्या, त्यांचें नांव तेथें नाहीं. दोन हजार वर्षांनंतरच्या हिशेबांत तरी तें असावें.